वैजयंतीने न केलेली सही

एका तालुक्याच्या गावी वैजयंती नावाची एक कंडक्टरबाई राहत होती. एसटीच्या गर्दीत दिवसभर उभं राहून ती तिकिटं काढायची. आवाज असा खणखणीत, की पुढच्या दाराशी बोललेलं मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाई.

तिला जुळ्या मुली होत्या. मुली नऊ वर्षांच्या झाल्या, तरी बाळंतपणात सुटलेलं तिचं पोट काही आत गेलं नाही. पोटाचे मधले स्नायूच फाकले होते आणि वरची कातडी ओघळली होती. पाठ सारखी दुखे. तिने व्यायाम केला, पट्टा बांधला, भात सोडला. उपयोग शून्य. वर दर दोन-चार दिवसांनी एखादा भला प्रवासी उठून म्हणे, "बसा हो ताई, अशा दिवसांत उभ्या राहू नका." वैजयंती हसून "चालतंय" म्हणे, आणि घरी आली की आरशाकडे पाठ करून साडी बदले.

जिल्ह्याच्या शहरात डॉ. विक्रांत राजहंस यांचा मोठा दवाखाना होता. ते म्हणाले, "जादा कातडी काढतो, फाकलेले स्नायू शिवतो. तीन महिन्यांत पोट सपाट!" वैजयंतीने रजा साठवली आणि विश्वासाने ऑपरेशन करून घेतलं.

पाच महिने झाले. वण डावीकडे चार बोटं वर चढला होता. दोन्ही बाजूंना कमरेशी मांसाचे गोळे लोंबत होते. बेंबी एकीकडे ओढली गेली होती. दोन घास खाल्ले की पोट पूर्वीसारखंच पुढे येई, आणि पाठ तर तशीच दुखत होती.

ती डॉक्टरांकडे गेली. ते खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. लांबूनच बघून म्हणाले, "पथ्य पाळलं नसेल. वजन उचललं असेल."

"डॉक्टर, तुम्ही सांगितलं तेवढे दिवस मी पाण्याची कळशीसुद्धा उचलली नाही."

"मग कातडीच तुमची वाईट. कातडी काय मी आणली होती?"

वैजयंतीच्या कानशिलांत आग पेटली. सुरी यांच्या हातात, टाके यांचे, आणि दोष मात्र टेबलावर बेशुद्ध पडलेल्या बाईच्या कातडीचा!

मग डॉक्टर एकदम गोड झाले. "बरं, पुढच्या आठवड्यात पुन्हा करून देतो. एक पैसा नको. फक्त या कागदावर सही करा."

कागदावर लिहिलं होतं, 'मी पथ्य पाळले नाही, त्यामुळे वण बिघडला. डॉक्टरांविषयी माझी तक्रार नाही व पुढेही असणार नाही.'

ती कागद घरी घेऊन आली. नवरा भास्कर साधा माणूस. त्याने वाचून सांगितलं, "करून टाक सही. एका सहीनं काय जातंय? पुढच्या महिन्यात तुझ्या भाचीचं लग्न आहे. त्याआधी सगळं नीट होईल."

वैजयंतीलाही तेच हवं होतं. तिने पेन उचललं. 'मी पथ्य पाळले नाही' हे शब्द पुन्हा वाचले. तिला ऑपरेशननंतरचे पथ्याचे ते तीन आठवडे आठवले. कमरेत वाकून चालणं, खोकला आला की उशी पोटाशी दाबून धरणं, मुलींना जवळ घ्यावंसं वाटूनही लांब बसवणं.

तिने पेन खाली ठेवलं. "मी पाळलं होतं," ती म्हणाली. "आणि पुन्हा बिघडलं, तर मी कुठं जाऊ? तोंड तर या कागदानं शिवलेलं असेल."

दुसऱ्या दिवशी ती सरकारी इस्पितळात डॉ. नफिसा मुल्ला यांच्याकडे गेली. त्यांनी तिला झोपवून तपासलं, उभं करून तपासलं, सोनोग्राफी केली. मग विचारलं, "ऑपरेशनचे कागद कुठं आहेत?"

"दिलेच नाहीत."

"मागा. तुमचा हक्क आहे तो. स्नायूंमधली फट अजून तीन बोटांची आहे. आत काय शिवलं, ते कळायला हवं."

"पुन्हा ऑपरेशन होईल का?"

"होईल, पण आत्ता नाही. वण निवायला वर्ष लागतं. ओढलेली कातडी घाईनं पुन्हा कापली, तर शिवायला पुरणार नाही. वर्षानंतर कडेचे गोळे काढू, वण सरळ करू, स्नायू शिवू. बेंबी मात्र अगदी मधोमध येईल, असं मी म्हणणार नाही."

वैजयंतीला रडू आलं. काय होणार नाही, हे तिला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं.

कागदांसाठी तिने डॉ. राजहंसांच्या दवाखान्यात दोन खेपा घातल्या. साहेब नाहीत, उद्या या. तिसऱ्या खेपेला ती दवाखान्याच्या बाकावर बसूनच राहिली, तेव्हा कागद मिळाले. कातडी काढल्याची नोंद होती. स्नायू शिवल्याचा एक शब्दही नव्हता.

ती सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"त्या वेळी तशी गरज वाटली नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग मला सांगितलं का नाही?"

"हळू बोला. बाहेर पेशंट बसलेत."

"म्हणूनच मोठ्यानं बोलतेय! स्नायू शिवतो म्हणालात, शिवले नाहीत. वण वाकडा तुमच्या हातचा. आणि चूक माझी, असं मीच लिहून द्यायचं? शरीर माझं कापलंत, आता लाजही मीच बाळगायची?"

डॉक्टर कागद चाळत राहिले. बाहेर बसलेल्या बायकांपैकी एक उठून दारात आली. "ताई, मलाही स्नायू शिवतो म्हणालेत. कागद कुणाकडं मागायचे?"

वैजयंतीने वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. चौकशी रेंगाळली. शेवटी परिषदेच्या हुकमाने डॉ. राजहंसांना सहा महिने काम बंद ठेवावं लागलं. वैजयंतीला ती शिक्षा कमी वाटली. कमीच होती.

मधल्या काळात भाचीच्या लग्नाला ती तशीच गेली होती. वर्ष भरल्यावर डॉ. मुल्लांनी ऑपरेशन केलं. गोळे गेले, वण सरळ झाला, पाठीची कळ थांबली. बेंबी किंचित डावीकडेच राहिली.

"खटकतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," वैजयंती म्हणाली. "हे तुम्ही आधी सांगितलं होतं."

तात्पर्य: ज्याने काम बिघडवलं आणि वर दोष तुमच्याच माथी मारला, त्याच्या हाती दुरुस्तीसाठी पुन्हा जाऊ नये, आणि बरं होण्याची कितीही घाई असली, तरी न केलेल्या चुकीखाली सही करू नये.