कुणाचा चहा न पिणारा

"खरं कुणाचं, माई? तिचं की माझं?"

श्रीरंग मोहोळकर खिंड चढून आला तो हा प्रश्न घेऊनच. पाठीवरची पिशवी उतरवायचंही त्याला सुचलं नाही.

माई सुपात नाचणी पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

घाटमाथ्यावरच्या त्या खिंडीत, भैरवनाथाच्या ठाण्याशेजारी, माईंची झोपडी आहे. जोगीण म्हणावं तर अंगावर भगवं नाही, आणि कुणी उपदेश मागितला तर त्या आधी सरपण आणायला पाठवतात. श्रीरंग कित्येक वर्षं त्यांच्याकडे येत होता आणि स्वतःला त्यांचा पहिला शिष्य समजत होता. माईंनी तसं कधी म्हटलेलं नव्हतं.

त्याचं काम मात्र चांगलं होतं, हे मान्य करायला हवं. त्यानं इंटरनेटवर 'मोकळी वाट' नावाची प्रवासपुस्तिका उभी केली होती. गड, घाट, गावं, मुक्कामाच्या जागा, सगळी माहिती फुकट. जाहिरात नाही. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं.

आणि एक कडक नियम त्यानं स्वतःला लावून घेतला होता. ज्या जागेबद्दल लिहायचं, तिथल्या कुणाचं काही घ्यायचं नाही. लॉजवाल्यानं आग्रहानं पुढे केलेला चहासुद्धा नाही. एकदा कुणाचं मीठ खाल्लं की लेखणी बांधली जाते, असं तो म्हणायचा. लोक त्याला यासाठी मानत. तो स्वतः तर जरा जास्तच मानत होता.

मग गेल्या हिवाळ्यात कराडची तस्नीम बागवान 'मोकळ्या वाटे'वर लिहायला लागली.

खिंडीबद्दल श्रीरंगचं पान आधीपासून होतंच. बस कुठे सोडते, चढ कुठे निसरडा आहे, फोन कुठून लागत नाही. वर पाण्याची सोय नाही, आपलं आपण न्यावं. एकही चूक काढून दाखवा. तस्नीमनं त्याखाली आपलं पान जोडलं, आणि लोक तेच वाचायला लागले. एकमेकांना पाठवायला लागले. एका बाईनं तर कळवलं, हे वाचून मी माझ्या आईला हाताला धरून खिंडीत घेऊन गेले.

श्रीरंगच्या पानानं अजून कुणाच्या आईला घराबाहेर काढलं नव्हतं.

तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना. सरळ शब्दांत सांगायचं तर तो जळत होता.

तिनं काय लिहिलंय, असं माईंनी विचारलं. श्रीरंगनं फोन काढला. पान त्यात साठवून ठेवलेलं होतं. हेवा करणारा माणूस असल्या गोष्टी फार जपून ठेवतो.

तो वाचू लागला. आवाजात तुच्छता आणायचा त्यानं पुष्कळ प्रयत्न केला.

"'वर पोचाल तेव्हा दम लागलेला असेल. माई काही विचारणार नाहीत. आधी पाण्याचा तांब्या पुढे करतील...'"

इथे तो वाचायचा थांबला.

"फुडं वाच," माई म्हणाल्या.

"'...मग भाकरी देतील. भाकरी जाड असते. माईंचं बोळकं हसू बघायचं असेल, तर आणखी एक मागा.'"

इतक्या वर्षांत श्रीरंगनं माईंना हसताना पाहिलं नव्हतं.

त्यानं फोन खिशात टाकला आणि घाईघाईनं बोलायला लागला. हे काय प्रवासाचं लिहिणं झालं? ही इथे जेवली, आणि जेवून लिहिलं. भाकरीला विकली गेली. अशानं पुस्तिकेवर कोण विश्वास ठेवणार? माईंनी फक्त एवढंच म्हणावं, की हे बरोबर नाही. खाली उतरल्याबरोबर तो ते पान काढून टाकणार होता, आणि तस्नीमचं लिहिणंही बंद करणार होता. पुस्तिका सगळ्यांची असली तरी किल्ली अजून त्याच्याकडेच होती.

माईंनी सूप खाली ठेवलं.

"खोटं काय हाय त्यात?"

खोटं काहीच नव्हतं. ते श्रीरंगला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तेच त्याला सहन होत नव्हतं.

वाऱ्यानं सुपातला कोंडा अंगणभर पसरला.

शेवटी जे खरं दुखत होतं ते बाहेर आलं. एवढा मोठा माणूस, भावाला मोठा लाडू मिळालेल्या पोरासारखा रडवेला झाला.

"मी इतकी वर्षं येतोय, माई. ती एकदा आली... आणि तिला तुम्ही तुमच्या हातानं पाणी दिलंत. मला कधीच का नाही?"

माई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. रांजणापाशी गेल्या. तांब्या बुडवून भरला आणि तसाच ओला आणून त्याच्यापुढे धरला.

"नको, माई," श्रीरंग लगेच म्हणाला. "माझं आणलंय मी."

त्याचा हात पिशवीतल्या बाटलीकडे गेलासुद्धा होता.

...

मग माई तांब्या वर धरून स्वतःच घटाघटा पाणी प्यायल्या. पदरानं तोंड पुसलं, खाली बसल्या आणि सूप पुन्हा पुढे ओढलं.

"हं," त्या म्हणाल्या. "काय इचारत हुतास?"