गोड पोथ्यांचा राखणदार

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या नगराचे नावही आता कुणाच्या स्मरणात उरलेले नाही. तिथल्या राजाने एक पोथीशाळा बांधली आणि एका विद्वान माणसाला तिचा राखणदार नेमले. कोणी काय वाचावे, हे त्याने सुचवायचे.

माणूस हुशार होता, पण चार लोकांनी आपल्याला चांगले म्हणावे याची त्याला भारी हौस. म्हणून ज्याला जे रुचेल तेच तो त्याच्या हाती ठेवी. देवळाचे पुजारीबुवा आले, की तिथल्या कुंडाचा महिमा सांगणारी पोथी काढी. वैद्यराज आले, की भाविकांच्या भाबडेपणावर कोरडे ओढणारी काढी. दोघेही खुशीत घरी जात आणि पहिल्याहून हट्टी होऊन परत येत.

एका वर्षी पाऊस कमी झाला. देवळाच्या कुंडातले पाणी तळाला गेले, त्यात निर्माल्य कुजले. तीर्थ घेणाऱ्या घरांतून उलट्या-जुलाबांची साथ पसरली.

वैद्यराजांनी भर चौकात सुनावले, "चिखल पिता आणि त्याला तीर्थ म्हणता. अक्कल गहाण टाकलीत काय?"

बोलणे खरे होते, पण लोकांच्या जिव्हारी लागले. त्याच कुंडात त्यांनी आईबापांच्या अस्थी सोडल्या होत्या. पुजारीबुवा म्हणाले, "ज्याला श्रद्धा ठाऊक नाही, त्याचं काय ऐकायचं? तीर्थ दुप्पट घ्या." लोकांनी दुप्पट घेतले. वेशीबाहेर रोज एक-दोन तिरड्या जाऊ लागल्या.

मग राखणदाराची मुलगीच अंथरुणाला खिळली. एकुलती एक, लग्नाला आलेली पोर. तीही रोज तीर्थ घेत असे. तिच्या उशाशी बसून तो चडफडत म्हणाला, "दोघेही आंधळे. कुजलं पाणी उकळल्याशिवाय देवालाही दाखवू नये, असं एका पोथीत स्वच्छ लिहिलंय. माणसं आपल्या गेलेल्यांना का धरून राहतात, तेही दुसरीत आहे. यांनी वाचलं असतं, तर ही वेळ आली नसती."

मुलीने क्षीण आवाजात विचारले, "बाबा, त्या पोथ्या आपल्याकडे आहेत?"

"आहेत."

"मग तुम्ही त्यांना दिल्या का नाहीत?"

जन्मात पहिल्यांदा त्याला स्वतःची लाज वाटली.

तो तसाच उठला. पाण्याची पोथी घेऊन पुजाऱ्याच्या दारी गेला.

"ही वैद्याला दे. मला कशाला?" पुजारी कपाळाला आठ्या घालून म्हणाला.

"बुवा, आजवर तुम्हाला गोड लागेल तेवढंच दिलं. ते माझं पाप. माझी पोर अंथरुणावर आहे. रागवा, पण वाचा."

दुसरी पोथी त्याने वैद्याला दिली. तिथेही हेच बोलला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुजारीबुवांनी देवळासमोर मोठे भांडे चुलीवर चढवले. "अग्नीही देवच आहे," ते लोकांना म्हणाले. "आजपासून तीर्थ त्याच्या हातून घ्यायचं." तेवढ्यात वैद्यराज अनवाणी आले. त्यांनी कुंडाला हात जोडले, पायऱ्या उतरले आणि कुजलेले निर्माल्य स्वतः उपसू लागले. टोचून एक शब्द बोलले नाहीत. ते पाहून लोकही धोतरे खोचून खाली उतरले.

पंधरा दिवसांत साथ हटली. अनेकांची लेकरे वाचली. राखणदाराची मुलगी मात्र, भांडे चुलीवर चढले त्याच सकाळी गेली.

त्यानंतर पोथीशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला तो दोन पोथ्या देऊ लागला: एक त्याने मागितलेली आणि एक त्याला न पटणारी. कोणी चिडे, कोणी वेडा म्हणे. तो खाली मान घालून ऐके, पण दुसरी पोथी परत घेत नसे.

तात्पर्य: मनाजोगते पुस्तक कोणीही सुचवतो; पण ज्याला आपले हित हवे असते, तो विचार करायला लावणारे पुस्तक हाती देतो.