न वाजलेली शिट्टी

“...मग तुम्हीच सांगा वस्ताद, मी शिट्टी वाजवली असती तर तो गोल झाला असता?”

तालमीच्या पायरीवर बसून अब्बास वस्ताद गुडघ्याला तेल चोळत होते. कोल्हापुरातल्या पेठापेठांच्या फुटबॉल सामन्यांत त्यांनी पंच म्हणून जन्म काढला. आता गुडघे त्यांना पायरीसुद्धा हळूच उतरू देत.

समोर उभा होता रणवीर इंगवले. त्यांचाच चेला. नुकताच मोठ्या सामन्यांचा पंच झालेला.

“नसता झाला,” वस्ताद म्हणाले.

“मग! इंद्रजितला लाथ बसली, कबूल. पण चेंडू त्याच्याच जोडीदाराच्या पायात गेला. समोर गोल मोकळा. तिथं खेळ थांबवला असता तर ज्याला लागलं त्याच्याच संघाचं नुकसान. मी दोन्ही हात पुढं केले, ‘खेळा!’ म्हणालो. गोल झाला. कमिटीनंही माझंच बरोबर धरलं.”

“मग पेढं वाटायचं सोडून हितं कशाला आलास?”

रणवीरनं मान खाली घातली.

“झोप लागत नाही, वस्ताद.”

...

वस्तादांनी तेलाची बाटली बाजूला ठेवली. आवाज जरा मऊ झाला.

“गोल झाल्यावर खेळ थांबला. तवा त्या लाथ मारणाऱ्याला पिवळं कार्ड दावलंस?”

“नाही.”

“का रं?”

“गोल खाल्ला होता त्यांनी. माना टाकून उभे होते सगळे. त्यावर आणि कार्ड कशाला? वाटलं, झाली शिक्षा.”

“गोल मारला कुणी?”

“जोडीदारानं.”

“लाथ कुणाला बसली?”

“इंद्रजितला.”

“मग त्या लाथेचं काय झालं?”



दुसऱ्या हाफमध्ये लाथ मारणाऱ्या त्याच खेळाडूनं इंद्रजितला पुन्हा तसाच आडवा केला होता. ह्या वेळी शिट्टी वाजली. लाल कार्डही निघालं. पण तोवर नडगीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, पोरगं चालेल. खेळायचं मात्र आत्ता काही सांगता येत नाही.

“भेटून आलास त्याला?”

“कुठल्या तोंडानं जाऊ?” रणवीर म्हणाला. “आणि गेलो तर पेठेत बोलतील, पंचानं चूक कबूल केली म्हणून. नियमानं माझी चूक नाही, वस्ताद.”

“न्हाईच.”

“मग ‘तू बरोबर केलंस’ असं एकदा तुमच्या तोंडानं म्हणा की.”

वस्तादांनी त्याच्याकडं बघितलं.

“हात कसं केलतंस, दाव बघू. पळत दाव. मैदानात पळालास तसं.”

रणवीरला अवघडल्यासारखं झालं. पण वस्तादांचा शब्द. तो अंगणातून पळत सुटला. दोन्ही हात पुढं, नजर समोर.

“खेळा!”

मागून काहीच आलं नाही. शाबासकी नाही. शिवी नाही.

पार भिंतीपाशी जाऊन तो थांबला आणि वळला.

वस्ताद पायरीखाली मातीत आडवे पडले होते.

“वस्ताद!”

रणवीर धावत आला. धापा टाकत त्यांच्याजवळ बसला.

“पडलात कसे? हाक तरी मारायची मला!”

वस्तादांचे डोळे उघडे होते. ते वर आभाळाकडं बघत होते.

“गोल झाला का रं?” त्यांनी विचारलं.

रणवीरच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते त्यानं पुसलंही नाही. घाईघाईनं त्यानं म्हाताऱ्याच्या खांद्याखाली हात घातला.

...

“उचलू नकोस,” वस्ताद म्हणाले. “आधी विचार, कुठं लागलंय.”