आयेचा दगड

मांदवेळच्या प्राथमिक शाळेत गावाचा नकाशा भिंतीवर टांगलेला आहे, रंगीत आणि चांगला ऐसपैस. पण तिसरीच्या मुलांना गाव त्यावरून शिकवत नाहीत. ओहोटीची वेळ बघून बाई सगळा वर्ग किनाऱ्यावर आणतात. तिथे कोळीवाड्यातली एखादी म्हातारी आधीच येऊन बसलेली असते. ती ओल्या वाळूत गाव मांडते. खाडीचे तोंड बोटाने कोरते, टेकडीचा ढीग करते, वर देवळाच्या कळसाचा शंख ठेवते आणि पायथ्याशी उंच माडाची काडी खोचते. समुद्रात मात्र एकच काळा दगड. मग मुले वाळूवर पालथी पडतात, गाल जमिनीला टेकतात आणि एक डोळा मिटून त्या मांडामांडीकडे बघतात. पाहुण्यांना हसू येते. खुशाल हसावे, इथे कोणी रागावत नाही. पण हे असे का, ते ऐकून जावे.

तो काळा दगड खरोखरच आहे. खाडीच्या तोंडाबाहेर, ओहोटीला पाठ दाखवणारा आणि भरतीला पुरता बुडणारा. पूर्वी त्याचे नाव घेत नसत म्हणे. नाव घेतले की तो होडीकडे सरकतो, अशी समजूत होती. माणसे नुसते ‘ती’ म्हणत, तेही पाण्यावर असताना, जमिनीवर अवाक्षर नाही. बापाने होडीत बसून हनुवटीने दिशा दाखवायची आणि मुलाने समजून घ्यायचे, एवढीच काय ती शिकवण. न घेता न घेता नाव मुळात काय होते, तेही गाव विसरून गेले.

त्या काळात मथूबाय नावाची एक कोळीण होती. अंगाने काटक, बोलायला फटकळ आणि फुलांची भारी हौस असलेली. मासळीची पाटी डोक्यावर असली तरी अंबाड्यात अबोलीचा गजरा हवाच. तिच्या नवऱ्याच्या अंगावरून वारे गेले आणि तो अंथरुणाला खिळला, तेव्हा थोरला कान्हू एकटाच होडी घेऊन जाऊ लागला. एका भरतीच्या दुपारी त्याची होडी नेमकी तिच्यावर चढली. फळ्या किनाऱ्याला लागल्या. कान्हू लागला नाही.

मथूबाय कोळीवाड्यात घरोघर फिरली, असे सांगतात. ओरडली नाही, रडली नाही. एकच विचारत होती, “माज्या कान्हूला ती कुनी दाखवली व्हती?” माणसे आपापली जाळी विणत राहिली. शेवटी ती घरी आली आणि तेच नवऱ्याला विचारले. त्याला ती जागा झोपेतही सांगता आली असती. पण तो पडून होता जमिनीवर, आणि जमिनीवर बोलायचे नाही. त्याने तोंड भिंतीकडे वळवले. त्याच्यावर ती कधी चिडली नाही. त्याची मान हलत होती, तेवढ्यावरून तो रडतोय हे तिला कळले, आणि ती त्याच्या उशाशी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने अंबाड्यातला गजरा सोडून पाण्यात टाकला. गावातल्या एकूणएक पोराला ती जागा ठाऊक होईपर्यंत केसांत फूल घालायचे नाही, असे तिने दर्याला सांगितले. आणि ओहोटीच्या वाळूत तिने पहिल्यांदा गाव मांडले.

पोरे काय, खेळ दिसला की धावतातच. शिंपली ही होडी. तिच्यामागे गाल टेकून बघायचे. कळस माडाच्या मागे लपला की समोर ती आहे, होडी फिरवायची. ज्याची शिंपली दगडावर आपटेल तो बुडाला. बुडालेल्याने मथूबायच्या मांडीवर बसायचे आणि भाजलेले चिंचोके खायचे. त्यामुळे काही लबाड पोरे मुद्दाम बुडत. भरती येऊन सगळे गाव पुसून जाई, ती पुढच्या ओहोटीला पुन्हा मांडी. राघो तांडेलाला, म्हणजे कोळीवाड्यातल्या सगळ्यात जाणत्या नाखव्याला, हे अभद्र वाटले. तो येऊन बरेच बोलला. आपण कोणाचे नाव घेत नाही, नुसता खेळ मांडतो, असे तिने त्याला ऐकवले आणि पुढच्या पोराच्या गालाची वाळू पुसायला घेतली. ते पोर तिचा धाकटा गोमा होता. त्याचा गाल ती दोनदा पुसायची.

गोमा मोठा झाला आणि त्याच राघोच्या मचव्यावर कामाला लागला. नारळी पुनवेनंतरचे दिवस होते. परतताना पावसाने गाठले आणि पाणी भरतीचे. म्हाताऱ्या राघोला अलीकडे दूरचे दिसत नव्हते, पण ते त्याने कोणाला कळू दिले नव्हते. तो सरळ चालला होता. क्षणभर पाऊस उघडला, आणि गोमाला कळस माडामागे सरकताना दिसला. ‘ती’ म्हणावे की गप्प बसावे, हा विचारच त्याच्या मनात आला नाही; आयेच्या खेळातला दगड, तेच तोंडात आले.

“तांडेल, आयेचा दगुड म्होरं हाय. फिरवा.”

राघोने सुकाणू फिरवले. दगड पाण्याखालून, मचव्याच्या कडेने, हात लावता येईल इतक्या जवळून गेला म्हणे. नाव घेऊनही तो सरकला नव्हता.

संध्याकाळी राघो स्वतः अबोलीचा गजरा घेऊन मथूबायच्या दारात आला. आता घाल बाई, गावाला ठाऊक झाले, असे म्हणाला. तिने गजरा हातात घेतला, डोळ्यांना लावला. घालावासा वाटला असणारच. मग म्हणाली, “आज सकाली पांडूच्या घरात पोरगी झाली. तिला कुठं ठाव हाय?”

ती तशीच वाळूवर गेली, गाव मांडले आणि तो गजरा काळ्या दगडावर ठेवला. गावात कोणी ना कोणी जन्मत राहिले, आणि मथूबायने केसांत फूल कधी घातले नाही.

आजही खेळ संपला की वर्गातले प्रत्येक मूल त्या दगडावर अबोलीचे एक फूल ठेवते आणि हळूच म्हणते, “आये, मला ठाव झालं.” मग सगळी उठतात, एका गालाला वाळू लागलेली तशीच घरी जातात. मांदवेळची कुठलीही आई त्या दिवशी तो गाल पदराने पुसल्याशिवाय मुलाला घरात घेत नाही.