उघडा हात

"...मग हे दुखणं जाणार कधी, तेवढं सांगा माई."

टेकडीवरच्या मठीत येसूमाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"बोटांचे सांधे झिजलेत म्हणतो. गोळ्या घे, शेक घे, पण थोडं राहणारच म्हणतो. दोन वर्षं झाली माई. सकाळी उठावंसंच वाटत नाही. चहा पुढ्यात साय धरून बसतो..."

द्वारकाबाई कासारणीनं लगेच पदर खोचला. पंचावन्न वर्षं गावातल्या लेकीसुनांना बांगड्या भरलेली बाई. एक हात भरलेला आणि दुसरा उघडा, असं एकही गिऱ्हाईक तिच्यापुढून उठलं नव्हतं. आणि तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

तिनं बांगड्यांचं बोचकं पुढं सरकवलं.

"हे देवीला वाहून टाका. परवा नातीच्या लग्नाचा चुडा भरायचाय. घरी सांगून आले, दुसरी कासारीण बघा. भरीन तर पहिल्यासारखा, पोरीला कळायच्या आत. नाहीतर नाही."

"नात काय म्हणाली?"

द्वारकाबाई बोचक्याची गाठ सोडू लागली.

"काय म्हणाली?"

"रडली."

माईंनी शेंगांचं सूप बाजूला केलं. उजवा हात पुढं धरला. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी.

"भर."

"अगं बाई! माई, तुम्ही बैरागीण माणूस. लोक काय म्हणतील?"

"देवीला चालतात, मला नाही होय? भर."

द्वारकाबाईनं तो हात हातात घेतला आणि सुजलेल्या पेरांवरून बोट फिरवलं.

"हे कधीपासून?"

"वीस वर्षं झाली असतील."

"कधी बोलला नाहीत!"

"तू कधी विचारलंस?"

द्वारकाबाईनं सगळ्यांत मोठ्या मापाची हिरवी बांगडी काढली, बोटांवर चढवली, दाबली. तिच्याच अंगठ्यातून कळ निघाली ती कोपरापर्यंत.

ती थांबली.

"दुखतंय का माई?"

"दुखतंय."

"राहू दे मग?"

"मी म्हणाले का?"

पुन्हा दाबली. पुन्हा थांबली. फुंकर घातली... माईंच्या हातावर, मग आपल्या अंगठ्यावर.

"हात सैल सोडा बघू. नव्या नवरीसारखा काय ताठ धरलाय!"

माई खुदकन हसल्या. हात सैल पडला.

उंबऱ्यावरचं ऊन सरकत पार चुलीपर्यंत आलं, तेव्हा कुठं बांगडी मनगटावर उतरली.

द्वारकाबाई घामाघूम झाली होती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. पुसायचंही तिला भान नव्हतं.

"डोळ्याचं पातं लवेपर्यंतचं काम हे," ती पुटपुटली. "केवढा वेळ लागला. आणि अंगठा तर जास्तच ठणकतोय."

"माझाही."

...

तिनं बोचक्याला गाठ मारली. उठायला म्हणून गुडघ्यावर हात टेकला.

येसूमाईंनी डावा हात पुढं केला.

"एक हात उघडा ठेवून उठतेस होय, कासारणी?"