वेस्तीने मागितलेली सोबत

सातपुड्यातल्या एका राजाच्या देवळातली चांदीची घंटा चोरीला गेली. संशय एका भिल्लावर आला. दिवाणजी गरजले, "एक भिल्ल चोर, म्हणजे अख्खा पाडा चोर! सगळ्यांना हद्दपार करा!"

राजाने तसा हुकूम काढला आणि पाड्यावर बायका बोचकी बांधू लागल्या. तेव्हा पाड्यावरची म्हातारी वेस्ती दरबारात आली. हात जोडून राजाला म्हणाली, "न्याय मान्य आहे, महाराज. आम्ही आजच निघतो. फक्त दिवाणजींच्या घरात माणसं किती, तेवढं सांगा."

"ते कशाला?" राजाने विचारलं.

"गेल्या साली त्यांचा पुतण्या खजिन्यात चोरी करताना सापडला ना? मग तेही सगळे आमच्याबरोबर येणार. चढण अवघड आहे, त्यांच्यासाठी डोल्या बांधून ठेवते."

दरबार खदखदून हसला. दिवाणजींची मान खाली गेली. राजाने हुकूम तिथेच मागे घेतला. पाड्यावर बायकांनी बांधलेली बोचकी पुन्हा सोडली.