दीक्षित आणि दिक्षित

"सर्व्हर पुन्हा बसला?" वाघुळदे सरांनी विचारलं.

"बसला," प्रणाली म्हणाली.

रक्तपेढीच्या त्या सर्व्हरला तिनं सकाळपासून तिसऱ्यांदा उठवलं होतं. तिसऱ्यांदा तीच क्वेरी, म्हणजे तोच प्रश्न, विचारला होता. आणि त्यानंही तिसऱ्यांदा मान टाकली होती. पोरीचं डोकं पार भणाणून गेलं होतं.

खिडकीपाशी एक म्हातारे बाबा उभे होते. सून बाळंतपणात अडलेली, ओ निगेटिव्ह रक्त हवं, आणि पेढीत एकही पिशवी नाही. दात्यांचे नंबर सगळे सर्व्हरच्या पोटात.

"क्वेरी बरोबर आहे, सर. आपल्याकडे एकच माणूस एकदा दीक्षित असतो, एकदा दिक्षित. त्याला दोनदा फोन जाऊ नये म्हणून आधी प्रत्येक नाव प्रत्येक नावाशी ताडून बघायला सांगितलंय."

"नावं किती?"

"चार लाख." खोटं कशाला बोला, हे सांगताना तिला जरा अभिमानच वाटला.

सर खुर्चीत रेलले. निवृत्तीला दोन महिने उरलेला माणूस. रागवायचंही त्राण नव्हतं.

"बाहेर व्हरांड्यात किती माणसं आहेत?"

"असतील चाळीसेक."

"जा. प्रत्येकाला सांग, बाकीच्या सगळ्यांना नावं विचारा. एकच माणूस दोनदा तर बसला नाही ना, बघा. ते झालं की मग विचार, ओ निगेटिव्ह कोण आहे."

"सर, त्यात संध्याकाळ होईल. तोवर बाबांची सून..."

सरांनी नुसतं खिडकीकडे बोट केलं.

तिनं खिडकीकडे पाहिलं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

सर्व्हर चौथ्यांदा उठवला. या खेपेला एकच ओळ टाकली: ओ निगेटिव्ह, याच गावातले. पापणी लवायच्या आत अकरा नावं आली. त्यात एक दीक्षित होता आणि एक दिक्षित, नंबर एकच. त्यातला एक तिनं बोटानंच वगळला.

पहिल्याच फोनवर उत्तर आलं, "निघालोच."

बाबा सुनेला सांगायला लगबगीनं वळले.

प्रणालीनं डोळे चोळले. दमली होती, पण सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच.

"पण सर, माझी क्वेरी बरोबर होती ना?"

"होती ना गं... चुकीची असती तर तू ती लगेच बदलली असतीस, आणि सर्व्हर एकदाच बसला असता."